नाकानं नोकरी केलेला जंजीर

संध्याकाळी सहानंतर अंधेरीत लोखंडवालाच्या बॅक रोडला एक चक्कर मारून बघा. फुटपाथवर माणसांपेक्षा कुत्र्यांचीच गर्दी जास्त वाटते. शित्झू, बीगल, एखादा उकाड्यानं वैतागलेला हस्की आणि लॅब तर हमखास. आमच्या बिल्डिंगमधला ब्रूनो त्यातलाच एक. वय चार, वजन सांगण्यासारखं नाही. वडापावच्या गाडीसमोर आला की चारही पाय असे रोवून उभा राहतो, की त्याला ओढून न्यायला वॉचमनकाकांची मदत लागते. या ब्रूनोकडे बोट दाखवून कुणी सांगितलं, की याच्याच एका जातभाईनं या शहराला हादरवणाऱ्या स्फोटकांचा माग काढला होता, तर हसूच येईल.

पण ते खरं आहे. त्या जातभाईचं नाव जंजीर. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक आणि नाशक पथकातला लॅब्रॅडॉर रिट्रिव्हर. तुम्ही त्याचा फोटो नक्की पाहिलाय. दरवर्षी मार्च महिना आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो फिरायला लागतो. फुलांखाली निपचित पडलेला कुत्रा आणि त्याला निरोप देणारा गणवेशातला पोलीस अधिकारी. खाली कॅप्शन असतं, यानं हजारो जीव वाचवले वगैरे. आपण हात जोडलेला इमोजी टाकतो आणि पुढे स्क्रोल करतो. त्याला जाऊन पंचवीस वर्षं उलटली, फोटो मात्र अजून फिरतोय. त्या फोटोच्या आधीची आठ वर्षं कशी होती, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आजचा आपला चरित्रनायक चार पायांचा.

जंजीरचा जन्म 7 जानेवारी 1992 चा. नाव अर्थातच 1973 च्या त्या गाजलेल्या सिनेमावरून, ज्यात अमिताभ बच्चन इन्स्पेक्टर झाला होता. पोलिसांच्या कुत्र्याला याहून शोभणारं नाव मिळणं अवघडच. तसा हा काही अँग्री यंग मॅन नव्हता. सोनेरी-पिवळा रंग, लोंबते कान, रुंद डोकं आणि समोरचा माणूस आपला मित्रच आहे असं गृहीत धरणारे डोळे. लॅब्रॅडॉरला रागीट दिसताच येत नाही, हा या जातीचा प्रॉब्लेमही आहे आणि मोठेपणाही.

मग पोलिसांना असला कुत्रा हवा कशाला? चोरावर धावून जायचं तर अल्सेशियन आहे, डॉबरमन आहे. याचं उत्तर शोधायला थोडं लांब, अटलांटिकच्या पलीकडे जावं लागतं.

लॅब्रॅडॉर हे नाव फसवं आहे. हा कुत्रा मूळचा लॅब्रॅडॉर प्रांतातला नाहीच, तो शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. कॅनडाच्या पूर्व टोकाचं हे बेट म्हणजे कॉड मासळीचं आगार. तिथल्या कोळ्यांकडे पाण्यात काम करणारे काळे कुत्रे असायचे. बेटावरच्या सेंट जॉन्स गावावरून त्यांना सेंट जॉन्स डॉग म्हणायचे. गळातून निसटलेली मासळी पकडायची, जाळ्याची दोरी तोंडात धरून पोहत आणायची, बर्फासारख्या पाण्यात उडी मारायची आणि दिवस संपला की होडीच्या कोपऱ्यात अंग मुडपून झोपायचं. आपल्या वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या माणसाला हे वर्णन चटकन पटेल. होडीवर भांडकुदळ कुत्रा परवडत नाही. जागा कमी, माणसं दमलेली, त्यात समोर माशांचा ढीग. अशा ठिकाणी टिकला तो निमूटपणे काम करणारा, माणसाचं ऐकणारा आणि मिळेल ते खाणारा कुत्रा.

मासळीच्या व्यापारी जहाजांबरोबर हे कुत्रे इंग्लंडच्या पूल बंदरात उतरले. कर्नल पीटर हॉकर नावाच्या शिकाऱ्यानं 1814 मध्येच त्यांच्याबद्दल कौतुकानं लिहून ठेवलंय. मग माम्सबरीचे अर्ल, बक्ल्यूचे ड्यूक अशा बड्या जमीनदारांनी त्यांची पैदास सुरू केली. काम बदललं, स्वभाव तोच राहिला. आता मासळीऐवजी गोळी लागून पडलेलं बदक आणायचं. शोधून आणून देणारा तो रिट्रिव्हर. त्यातही अट अशी, की पक्षी तोंडात धरायचा पण त्याला दात लागू द्यायचा नाही. घरातला लॅब तुमचा मोजा पळवतो आणि ओला करून पण न फाडता परत आणून देतो, त्यामागे ही शंभर-दोनशे वर्षांची निवड आहे. (मोजा एकच का पळवतो, याचं उत्तर मात्र मला मिळालेलं नाही.) 1880 च्या दशकात माम्सबरीकडचे काही कुत्रे बक्ल्यूंकडे गेले. त्यातल्या नेड आणि एव्हन या दोघांना आजच्या लॅब्रॅडॉरचे मूळपुरुष मानतात. 1903 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबनं जातीला मान्यता दिली. मूळचा सेंट जॉन्स डॉग मात्र विसाव्या शतकात नामशेष झाला.

सुरुवातीचे लॅब काळेच असायचे. पिवळं पिल्लू झालं की ते नको असायचं. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब 1899 चा, बेन ऑफ हाइड नावाचा. म्हणजे जंजीरचा रंग हा जातीच्या इतिहासात तसा उशिरा मान मिळालेला रंग. आणि बॅक रोडवर जे लांब केसांचे, झुपकेदार शेपटीचे सोनेरी कुत्रे दिसतात ते लॅब नव्हेत, ते गोल्डन रिट्रिव्हर. स्कॉटलंडमधल्या लॉर्ड ट्वीडमाउथनं 1868 मध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रिव्हर आणि बेल नावाची स्पॅनियल यांच्यापासून ती जात घडवायला घेतली. लॅबची खूण म्हणजे आखूड, दाट, पाणी न धरणारे केस, आत लोकरीसारखा दुसरा थर, बोटांमध्ये पडदे आणि पाणमांजरासारखी बुडाशी जाड शेपटी. या शेपटीनं आपल्या टीपॉयवरचे किती कप फोडलेत, ते ज्यांच्या घरी लॅब आहे त्यांना विचारा.

तर असा हा कोळ्यांचा आणि शिकाऱ्यांचा वारस पुण्यात शिवाजीनगरला, सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला.

स्फोटकं शोधायला कुत्र्याला कसं शिकवतात, हे एकदा समजून घेतलं की जंजीरच्या कामाची खरी गंमत कळते. कुत्र्याला बॉम्ब म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला एवढंच शिकवलेलं असतं, की हा अमुक वास सापडला की आपल्याला बक्षीस मिळतं. खाऊ, चेंडू, पाठीवर थाप, जे काही असेल ते. आधी वास ओळखायचा, मग तो डब्यात, बॅगेत, गाडीच्या सीटखाली, मातीत लपवलेला शोधायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सापडल्यावर शांत खाली बसायचं. भुंकायचं नाही, पंजानं उकरायचं नाही, दातात धरून तर मुळीच आणायचं नाही. ज्या जातीला पिढ्यान् पिढ्या तोंडात धरून आणायलाच शिकवलं, तिच्याकडून ही एक गोष्ट सोडून बाकी सगळं करून घ्यायचं. कारण उघड आहे. बदक फुटत नाही.

आरडीएक्सचा वास तसा जवळजवळ नसतोच म्हणा ना. त्याची वाफ हवेत फारच कमी मिसळते. कुत्रा पकडतो तो बराचसा त्यात मिसळलेल्या इतर रसायनांचा वास. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. पण नुसतं नाक असून भागत नाही. ते नाक तासन् तास कामाला लावायची इच्छा लागते. आणि इथे लॅबचा तो बदनाम खादाडपणा कामाला येतो.

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पोट भरल्याचा निरोप मेंदूला द्यायचं काम ज्या जनुकाकडे आहे, त्यातला एक तुकडा बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये गळालेला असतो. तपासलेल्या लॅबपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात तो दोष निघाला. मात्र दिव्यांगांना मदत करणाऱ्या, खास शिकवलेल्या लॅबमध्ये हेच प्रमाण 76 टक्के होतं. म्हणजे ज्याचं पोट कधी भरतच नाही, तो एका बिस्किटासाठी काहीही शिकायला तयार असतो. ब्रूनो वडापावच्या गाडीसमोर जे करतो त्याचंच हे शिकवून-सवरून आणलेलं रूप. जंजीरच्या जनुकांची तपासणी काही कुणी केली नव्हती, त्यामुळे त्याच्याबद्दल असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. जातीचा स्वभाव मात्र हा.

29 डिसेंबर 1992 ला जंजीर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात रुजू झाला. तारीख बघा. बाबरी मशीद पडून तीन आठवडे झालेले, डिसेंबरची दंगल होऊन गेलेली आणि जानेवारीची यायची होती. वर्षही पूर्ण न झालेलं पिल्लू म्हणावं अशा वयात तो या शहरात ड्युटीवर आला. आणि जवळपास त्याच सुमारास, 1993 च्या सुरुवातीला, रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला रात्रीच्या अंधारात शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं जात होतं.

12 मार्च 1993, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. पुढच्या दोन-सव्वादोन तासांत शहरात एकामागून एक स्फोट होत गेले. काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरचा प्लाझा. आपल्या उपनगरांतही तो दिवस येऊन थडकला. वांद्र्याचं सी रॉक, जुहूचं सेंटॉर आणि विमानतळाजवळचं सेंटॉर, तिन्ही हॉटेलांत स्फोट झाले. अंधेरी पूर्वेला लागून असलेल्या सहार विमानतळावर हातबॉम्ब फेकले गेले. 257 माणसं गेली. घरात पन्नाशीच्या पुढचं कुणी असेल तर विचारा, ते त्या दुपारी कुठे होते. मी विचारलंय, जवळपास प्रत्येकाला आठवतं. मोबाइल नव्हते. लँडलाइन लागत नव्हत्या. घरचा माणूस परत आला की तो जिवंत आहे हे कळायचं, त्याआधी नाही.

त्या दिवशी जंजीरचं वय होतं चौदा महिने. नोकरीला अडीच महिनेही झाले नव्हते.

स्फोट थांबले म्हणून भीती थांबली नव्हती. फुटलेले बॉम्ब सगळ्यांना दिसले, न फुटलेले कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्याकडेला लावलेली प्रत्येक स्कूटर संशयित, लोकलमधली प्रत्येक बेवारस पिशवी संशयित. स्फोटांनंतर दोन-तीन दिवसांतच, 15 मार्चला, दक्षिण मुंबईतल्या धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी जंजीर थबकला. स्कूटरमध्ये स्फोटकं भरलेली होती. जुन्या मुंबईतली ती गल्ली तुम्ही पाहिली असेल तर तिथे काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. चिंचोळा रस्ता, दोन्ही बाजूंनी दुकानं आणि वर राहती घरं.

त्यानंतर बोलावणं येतच राहिलं. सिद्धिविनायक मंदिराच्या परिसरात सापडलेल्या बेवारस सुटकेसा, त्यातल्या रायफली, पिस्तुलं आणि हातबॉम्ब, ही त्याच्या नावावर आवर्जून सांगितली जाणारी आणखी एक कामगिरी. मुंब्रा आणि ठाण्यातही त्याच्यामुळे पुढचे घातपात टळले, असं मानलं जातं. या सगळ्या शोधमोहिमांचा त्याच्या नावावर जमा असलेला हिशेब असा : 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसं.

आकडे वाचून आपण थक्क होतो आणि व्हायलाच हवं. पण इथे थोडं थांबू या. तीन टन स्फोटकं एकट्या कुत्र्यानं गल्लीबोळांत हुंगत फिरून सापडवली, असं चित्र डोळ्यांसमोर आणलं तर ते चुकेल. या तपासात शेकडो पोलीस राबत होते. अटक झालेल्यांकडून माहिती निघत होती, खबऱ्यांकडून पत्ते येत होते. कुठल्या भागात शोधायचं ते बऱ्याचदा माणसं सांगत होती. त्या भागात नेमकं कुठे, या डब्यात की त्या पोत्यात, आणि मुख्य म्हणजे हात लावायचा की नाही, हे ठरवायला जंजीरचं नाक लागत होतं. मला तर हे जास्त मोठं काम वाटतं. हजारो जीव वाचवले हा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही, कारण जे घडलंच नाही ते मोजायचं कसं? पण पेटीजवळ सगळ्यात आधी जाणारा तो होता आणि त्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक हातात धरून त्याचा हँडलर मागोमाग जात होता. या दुसऱ्या माणसाचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

हँडलर आणि कुत्रा यांचं नातं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. कुत्रा बोलत नाही, त्यामुळे त्याच्या शेपटीचा वेग, मान वळवायची पद्धत, श्वासातला बदल, सगळं हँडलरलाच वाचावं लागतं. कुत्रा कंटाळलाय की खरंच काही नाहीये, हा फरक त्याला कळायला हवा. त्यात आपल्याकडचा मार्च-एप्रिलचा उकाडा. जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. दोन्ही कामं एकाच वेळी होत नाहीत. बर्फाळ पाण्यासाठी बनलेला तो दुपदरी कोट घालून मुंबईच्या दमट हवेत काम करायचं, म्हणजे थोडा वेळ शोध, मग सावली आणि पाणी, मग पुन्हा शोध. पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला अशी विश्रांती घेताना आपण कधी पाहिलं नसेल, पण खऱ्या जंजीरला त्याशिवाय काम करताच आलं नसतं.

आणि या सगळ्यात त्याला भीती वाटत होती का? हा प्रश्न शाळेतल्या मुलांना नेहमी पडतो. जंजीरला शूर म्हणताना आपण त्याला आपल्यासारखं समजतो. त्याला स्कूटरमध्ये मृत्यू आहे हे ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी तो शिकवलेला खेळ होता, आवडत्या माणसाबरोबर खेळायचा. जाणूनबुजून जीव धोक्यात घातला तो माणसांनी, स्वतःचा आणि त्याचाही. या विचारानं जंजीर मला लहान वाटत नाही. उलट त्या फोटोकडे बघताना थोडं अवघडल्यासारखं होतं. त्यानं आपल्यावर जो विश्वास टाकला, त्याची किंमत त्याला कधी कळणारच नव्हती.

पुढची वर्षं बातम्यांत फारशी नाहीत. बॉम्बशोधक पथकाचं रोजचं काम चालूच राहतं. निनावी फोन येतात, बेवारस बॅगा सापडतात, मोठ्या नेत्यांच्या सभांआधी व्यासपीठ तपासायचं असतं, गणेशोत्सवाचा बंदोबस्त असतो. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. तरीही दर वेळी पहिल्यासारखंच मन लावून शोधायचं. माणसाला शंभराव्या रिकाम्या बॅगेनंतर कंटाळा येतो. म्हणून तर सरावात मुद्दाम थोडं खरं स्फोटक लपवून कुत्र्याला ते सापडू देतात, नाहीतर त्याचाही उत्साह मावळतो.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांना हाडांचा कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो. जंजीरला तोच झाला. परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार चालू होते. 16 नोव्हेंबर 2000 ला तो गेला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. नववा वाढदिवस दोन महिन्यांवर होता. लॅब साधारण दहा-बारा वर्षं जगतो, त्या मानानं लवकरच. पोलिसांनी त्याला मानवंदना दिली, वरिष्ठ अधिकारी आले, फुलं वाहिली. त्याच वेळी तो फोटो निघाला, जो आजही आपल्या फोनवर येतो.

जंजीरला निवृत्ती मिळालीच नाही. त्याच्यानंतरच्या काहींना ती मिळाली. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या पथकात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार लॅब्रॅडॉर होते. त्यातल्या सीझरनं सीएसटी स्थानकात दहशतवाद्यांनी टाकून दिलेले हातबॉम्ब शोधले. नोकरी संपल्यावर या चौघांना विरारच्या एका फार्मवर ठेवलं गेलं. तिथे मोकळं अंगण होतं, पोहायला पाणी होतं आणि मुख्य म्हणजे कुणीही काही शोधायला सांगत नव्हतं. 2016 या एकाच वर्षात चौघंही एकामागून एक गेले. सीझर सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरमध्ये.

अंधेरीहून विरारची लोकल पकडली तर तासाभराचा रस्ता.